विरोधाची पाळी

गजाभाऊ,

काल तुमची शोकसभा झाली. सात जण बोलले आणि सातही जण तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. एकानं तुम्हाला निःस्वार्थी म्हटलं, दुसऱ्यानं अजातशत्रू. तिसरा तर असा होता की त्याला मी तुमच्याकडे कधी जिना चढतानाही पाहिलं नव्हतं, पण गहिवरला सगळ्यात जास्त तोच. तुमच्या विरोधात एक वाक्य कुणी उच्चारलं नाही. तुम्ही तिथे असता तर चष्मा कपाळावर सरकवून मधेच उठला असता, "अरे, हे काय लावून राहिले तुमी? आज विरोधाची पाळी कोनाची हाय?"

माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसल्या जागेवरून हातानंच नको म्हटलं. वीस वर्षं कोर्टात बोलून पोट भरणारी बाई चार शब्द बोलली नाही, याची चर्चा झाली असेल. होऊ दे. मला बोलायचं होतं ते त्या लोकांशी नव्हतंच. त्या रविवारी मी दहा मिनिटं बोलले आणि त्या दहा मिनिटांनी आपला पक्ष नागपुरातून उठला. ते माझं खरं मत होतं की नुसती पाळी होती, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत आणि मी कधी सांगितलं नाही. त्यानंतर आपण जगातल्या प्रत्येक विषयावर भांडलो, पण या एका गोष्टीला दोघंही वळसा घालत राहिलो. आज ते सांगायला बसले आहे आणि ऐकायला तुम्ही नाही. वेळ साधण्यात मी नेहमीच अशी हुशार.

पक्षाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी आजच्या मुलांना ते एखाद्या औषधाचं वाटेल. आपलं म्हणणं साधं होतं. सरकारनं चोर पकडावेत, रस्ते बांधावेत, कोर्टं नीट चालवावीत; पण शेतकऱ्यानं कापूस कुणाला विकायचा, कारखान्यानं साबण किती काढायचा आणि माणसानं काय छापायचं, हे सांगायला येऊ नये. एवढ्यावरून लोक आपल्याला शेटजींचे हस्तक म्हणायचे. तुम्ही कुठले शेटजी! काटोलकडच्या शेतकऱ्याचे तिसरे चिरंजीव, गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांवर दुसऱ्या माळ्यावर टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारे. सदऱ्याच्या उजव्या बाहीला कायम शाईच्या फितीचा डाग.

या पक्षात तुम्ही कसे आलात ते तुम्ही मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. इन्स्टिट्यूटसाठी मशिनी मागवायच्या होत्या, त्याला परवानगी लागत होती, आणि परवानगीचा अर्ज टाईप करूनच द्यायचा असा नियम होता. "आता मले सांगा वकीलबाई, मशीन असती तं मी अर्ज कायले केला असता?" दुसऱ्याकडून टाईप करून नेलेला तो अर्ज तीनदा परत आला, एकदा तर समास कमी सोडला म्हणून. त्या खिडकीपाशीच आपण या पक्षाचे झालो असं तुम्ही म्हणायचात. मोठमोठी पुस्तकं नंतर वाचलीत.

मी तुमच्याकडे आले ती एक अर्ज टाईप करून घ्यायला. वकिली सुरू करून वर्ष झालं नव्हतं. बाररूममध्ये मी शिरले की चार खुर्च्या सरकून मला जागा मिळायची आणि कामं मात्र मिळायची नाहीत. तुम्ही माझा अर्ज टाईप करत होतात आणि मधेच थांबून पेन्सिलीनं समासात काहीतरी लिहीत होतात. मी वैतागून विचारलं, हे काय करताय? तुम्ही म्हणालात, "समोरचा वकील काय बोलन ते लिहून ठेवलं. खोडून टाका पाहिजे तं." मी घरी जाऊन ते वाचलं आणि रात्रीचं जेवण विसरून अर्ज पुन्हा लिहिला. ती केस मी जिंकले. पुढे कितीतरी अर्ज तुम्ही असे टाईप करून दिलेत, दर वेळी माझ्या पक्षकाराच्या विरोधात समास भरून. माझ्या नावाला कोर्टात जे काही वजन आलं त्यातलं बरंचसं त्या समासातलं आहे. हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? बहुधा नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरही हरकत घेतली असती.

मग रविवारी सकाळी नऊला मी तिथे येऊ लागले. वर्ग बंद असायचा, पण आपण बसायचो ते मुलांच्याच स्टुलांवर, प्रत्येकासमोर एक मशीन. कुणाचं भाषण लांबलं की बाकीच्यांची बोटं कळांवर चाळा करायची आणि तुम्ही खेकसायचात. कागद लावून टाईप करणाऱ्याला तर बाहेर काढायची धमकी होती. आपण बारा-चौदा जण. एक निवृत्त ओव्हरसियर, दोन संत्र्याचे बागवाले, जरीपटक्याहून सायकलीवर येणारे एक सिंधी कापडवाले, शाळेतले देशकर मास्तर, आणि बाईमाणूस मी एकटी. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात तुमच्या टपोऱ्या अक्षरात पुढच्या चार रविवारांची नावं असायची. ज्याचं नाव, त्याची त्या दिवशी विरोधाची पाळी. सभेपुढे जो ठराव असेल त्याच्या विरोधात त्यानं दहा मिनिटं बोलायचं, आणि बोलायचं ते जीव ओतून. उरकून टाकलं तर पुढच्या रविवारी पुन्हा त्याचंच नाव. अध्यक्षानं, म्हणजे तुम्ही, त्या भाषणाला उत्तर द्यायचं नाही. ते ऐकून घ्यायचं आणि ठराव मताला टाकायचा.

माझी पहिली पाळी आली तेव्हा ठराव जमिनीच्या कमाल मर्यादेविरुद्ध होता. म्हणजे मला सरकारच्या बाजूनं बोलायचं होतं. मी इतकी तापून बोलले की दोन्ही बागवाले माझ्याकडे संशयानं बघायला लागले, आणि जिना उतरताना मलाच कळेना की आपण खरे कुठल्या बाजूचे. मी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, मी मनापासून बोलले?"

तुम्ही कुलूप लावता लावता थांबलात. "ते विचारायचं नसते वं बाई. कदीच नाही. एकदा का विचारलं, पुढच्या खेपेले मानूस भिऊन बोलते."

'अहो वकीलबाई'चं 'काहून वं बाई', म्हणजे 'का गं बाई', नेमकं कधी झालं ते मला आठवत नाही, पण त्या जिन्यावर ते झालेलं होतं. माझे वडील मी वकील व्हायच्या आतच गेले. मला तसं दटावून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या वर्षांत आपली चलती होती. आज सांगून कुणाला खरं वाटत नाही. दिल्लीत आपली बरीच माणसं निवडून गेली होती, वर्तमानपत्रं आपल्याला गंभीरपणे घेत होती आणि तुमच्या जिन्यावर चपलांना जागा पुरत नव्हती. त्या भरात तुम्ही महापालिकेला उभे राहिलात आणि आपण ती घोडचूक केली. शेवटची प्रचारसभा खालच्या चौकात होती. नियम तो नियम म्हणून तुम्ही विरोधाची पाळी तिथेही ठेवलीत, आणि आपल्यातला कुणी कशाला खोटा विरोध करील, खराच विरोधक आहे की, असं म्हणून समोरच्या उमेदवाराला रीतसर पत्र पाठवलंत. तोही पक्का. आला, तुमच्या गळ्यात हार घातला आणि आपल्याच माईकवर आपल्याच लोकांपुढे घड्याळ लावून दहा मिनिटं बोलला. नळाला पाणी कधी येईल ते बोलला, नाल्यावर झाकणं कधी बसतील ते बोलला. शेवटी हात जोडून म्हणाला, "गजाननराव म्हणजे सज्जन माणूस. अशा माणसाला महापालिकेत पाठवून आपण त्यांना त्रास देऊ नये." सगळा चौक हसला. तुम्हीही हसलात! जरीपटक्याचे आपले कापडवाले माझ्या शेजारी कपाळ धरून बसले होते. "वकील साहिबा, ये कौनसी पार्टी है जो दुश्मन को खुद माइक देती है?"

आपण सपाटून आपटलो. निकालाच्या दिवशी मी तुमच्यावर मनसोक्त चिडले. तुम्ही मशीनच्या फिती बदलत होतात. म्हणालात, "पन तो बरोबर बोल्ला. नळाचं आपन विसरलोच होतो." तुमच्याशी भांडताना हीच पंचाईत. समोरच्याचं पटलं की तुम्ही लगेच कबूल व्हायचात, आणि मग चिडलेल्या माणसानं आपला राग घेऊन जायचं कुठे?

त्यानंतरची वर्षं उताराची. सत्तर साल उलटलं, मोठ्या लाटेची निवडणूक आली आणि तिच्यात आपले लोक देशभर वाहून गेले. जिन्यावरच्या चपला कमी झाल्या. आधी ओव्हरसियर यायचे बंद झाले, मग बागवाल्यांपैकी एक. उरलेले आपण दर रविवारी नऊला जमून ठराव करत होतो आणि तुम्ही ते टाईप करून कुठे कुठे पाठवत होता. उत्तर येत नव्हतं. मग वरूनच पत्र आलं. पक्ष दुसऱ्या चार पक्षांबरोबर एका मोठ्या पक्षात विलीन करायचा विचार आहे, शाखांनी आपलं मत कळवावं.

तुमचा ठराव तयार होता. नागपूर शाखेचा विलीनीकरणाला विरोध आहे. याच्या विरोधात बोलायचं म्हणजे पक्ष बुडवण्याच्या बाजूनं बोलायचं. फळ्यावर त्या रविवारी नाव होतं देशकर मास्तरांचं.

आणि इथून पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी मी मास्तरांना शाळेत जाऊन गाठलं. म्हटलं, उद्याची तुमची पाळी मला द्या. त्यांना सुटल्यासारखं झालं. तुमच्या तोंडावर पक्ष मोडा म्हणायचं या नुसत्या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नव्हतं. घसा बसलाय असं सांगायचं आम्ही ठरवलं. मी ती पाळी मागून घेतली, गजाभाऊ, कारण मला तेच बोलायचं होतं. कितीतरी महिने बोलायचं होतं. सरळ उभं राहून 'हे माझं मत आहे' असं तुमच्याकडे बघत म्हणायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी तुमच्याच नियमाच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. माणसानं न भिता बोलावं म्हणून तुम्ही जी रीत पाडली होती, तिचा मी माझी भीती लपवायला उपयोग केला.

मी काय बोलले ते मला आजही शब्दाशब्दानं पाठ आहे. मी म्हटलं की आपण दर रविवारी इथे जमून एकमेकांना पटवतो, आणि ज्यांना पटवतो त्यांना ते आधीच पटलेलं असतं. म्हटलं, तिकडे सरकारी खरेदीच्या आवारात कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस उभ्या आहेत. त्या गाड्यांखाली झोपलेल्या माणसाला आपलं म्हणणं हवं आहे, आणि आपण इथे स्टुलांवर बसून ते सुंदर भाषेत टाईप करतो आहोत. लहान असण्याची आपल्याला चटक लागली आहे. हरलो की आपल्याला आपण शुद्ध वाटतो. मोठ्या घरात आपलं ऐकतील का ते मला ठाऊक नाही, पण इथे तर ऐकायलाच कुणी नाही. असं मी म्हटलं. समोर एकाचीही बोटं कळांवर नव्हती. तुम्ही फळ्याजवळ उभे होतात, मनगटावरचं घड्याळ हातात घेऊन. दहा मिनिटं कधीच झाली होती. तुम्ही मला थांबवलं नाहीत.

मग खालच्या हॉटेलातून चहा आला आणि ज्यांचा घसा बसला होता ते देशकर मास्तर खणखणीत आवाजात ओरडले, "अहो, माझ्यात साखर घालू नका!" मी मान खाली घातली. तुम्ही एकदा मास्तरांकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि चिठ्ठ्या वाटायला लागलात. त्या बघण्याचा अर्थ मी पुढे कितीदा लावला असेन. दर वेळी माझ्या सोयीचाच लावला.

चिठ्ठ्या तुम्हीच उघडल्यात आणि तुम्हीच वाचल्यात. तुमच्या ठरावाच्या बाजूनं पाच, विरोधात सात. आवाज जराही हलला नाही. निकाल टाईप केलात, सही केलीत, आणि आम्ही सगळे बसलेलो असतानाच बाहेर जाऊन जिन्यावरची पक्षाची पाटी उतरवलीत. खिळा निघत नव्हता तेव्हा मी मदतीला आले, तर म्हणालात, "राहू दे वं, मी करून राहिलो ना." एवढंच. तुम्ही नव्या पक्षात आला नाहीत. मी गेले.

तुमचा राग मला चालला असता. तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात की वकीलबाई, तुम्ही माझं घर मोडलंत, तर मी भांडले असते, रडले असते आणि खरं सांगून मोकळी झाले असते. पण पुढच्याच आठवड्यात अर्ज घेऊन आले तर तुम्ही नेहमीसारखा समास भरून दिलात.

आणीबाणी आली तेव्हा माझ्या नव्या पक्षातले बरेच जण आत गेले आणि मी त्यांच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. तुमच्याकडे ना पाटी होती ना पक्ष. एका सकाळी तुमच्या वर्गात शिरले तर सगळी मुलं-मुली खडाखड टाईप करत होती आणि दारात एक हवालदार उभा होता. वर्गात काय छापलं जातं ते बघायला आला होता. तुम्ही एका मुलीच्या मशीनमधला कागद काढून त्याच्या हातात दिलात. "सरावाचा उतारा हाय साहेब. सरकारी पुस्तकातलाच हाय, पाहून घ्या." हवालदारानं दोन ओळी वाचल्या, सरकारी आहे म्हटल्यावर त्याचं समाधान झालं आणि तो चहा पिऊन गेला. मग मी तो कागद वाचला. राज्यघटनेतला भाषणस्वातंत्र्याचा भाग होता. तुम्ही तो सगळ्या बॅचना लावला होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी हसता हसता खाली बसले. आणि त्याच क्षणी मला तुमची इतकी आठवण आली, तुम्ही समोर असताना. रविवारच्या तुमची.

आणीबाणी उठल्यावर मोठ्या पक्षाचाही आणखी मोठा पक्ष झाला आणि चक्क दिल्लीत राज्यावर आला. विजयाच्या सभेला मी तुम्हाला ओढून नेलं. मैदान भरलेलं, मंडपात मी पुढच्या रांगेत. तुम्ही अर्धा तास ऐकलंत आणि माझ्या कानाशी येऊन विचारलंत, "इथं विरोधाची पाळी कोनाची हाय?" मी म्हटलं, गजाभाऊ, आज तरी पुरे करा. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढच्या भाषणाला उठून घरी गेलात. दोनच वर्षांनी तो पक्ष आपसातल्या भांडणांनी फुटला. त्याआधी एका बैठकीत मी विरोधात बोलायला उभी राहिले होते, तर 'मॅडम, बैठिये' म्हणून मला बसवलं. मी बसले नाही, बाहेर आले. तिथून चालत थेट तुमच्याकडे आले. तुम्ही नुसतं स्टूल पुढे सरकवलंत. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, पाहा, मी सांगत होतो. ते तुम्ही म्हणाला नाहीत, आणि त्यामुळे माझं मत चुकलं होतं असं मलाही म्हणता आलं नाही. म्हणायचं नव्हतंच. अनेक पक्षांचं कडबोळं वाईट निघालं, पण त्या स्टुलांवर आपण तसेच बसून राहायला हवं होतं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात नंदनवनच्या घरी तुम्हाला भेटायला आले ती ठरवूनच. दम्यानं तुम्हाला पाठीला उशा लावून बसवलं होतं. मोसंब्या आणल्या म्हणून काटोलच्या माणसाकडून शिव्या खाल्ल्या, "संत्र्याच्या गावात मोसंबी कोन आनते वं?" मग तुम्ही बोलत राहिलात. संत्र्यांवर, नव्या इलेक्ट्रिक मशिनींवर, त्यांच्यामुळे मुलांची बोटं कशी आळशी होतील त्यावर. मी हो हो करत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. वकील बाई, आणि एक साधं वाक्य जुळेना. तुम्ही दमलात, डोळे मिटलेत, मग उघडून माझ्याकडे बघून म्हणालात, "आन काही?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही पडा आता."

आज सकाळी शांतावहिनींकडे गेले होते. घरात माणसं आहेत, दहाव्याची तयारी चालली आहे. मला त्यांनी आतल्या खोलीत बसवलं. त्या काही बोलायच्या आतच माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, मास्तरांचा घसा, मागून घेतलेली पाळी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. तुमच्याबरोबर चाळीस वर्षं काढलेली बाई, ऐकून घ्यायची सवय असणारच.

"त्याईले माहीत होतं वं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन म्हने, आज वकीलबाई आपल्या मनचं बोल्ली. जेवले नाही त्या दिवशी. मी म्हटलं, मंग विचारा ना तिले सरळ. तं म्हने, विचारायचं नसते, नियम हाय. म्हने, येईन ते आपून सांगाले."

येईन ते आपून सांगाले. मी आपणहून येऊन सांगेन, म्हणून इतकी वर्षं तुम्ही वाट बघत होता, गजाभाऊ! मी दर शनिवारी अर्ज घेऊन येत होते, तुमच्या समोरच्या स्टुलावर बसत होते, तुमचा चहा पीत होते, आणि तुम्ही माझे अर्ज टाईप करता करता वाट बघत होता. एकदा तरी नियम मोडायचा होतात. एकदा नुसतं 'काहून वं बाई' म्हटलं असतंत तरी मी पुढचं सगळं बोलले असते. तुम्ही नियम मोडला नाहीत म्हणून मला तुमचा राग येतो आहे. तुम्ही तो मोडला असता तर ते तुम्ही नसता, हेही मला कळतं, आणि त्यानं राग कमी होत नाही. कोर्टात जायला निघते तरी पाय गांधीबागेकडे वळतात. अर्ज लिहून झाला की समास रिकामा दिसतो.

तर आता ऐका. ती पाळी नव्हती, ते माझं मत होतं आणि ते आजही माझं मत आहे. आपला पक्ष तसाच जपून ठेवण्यात अर्थ नव्हता. तुमचं चुकलं होतं. मी हे तेव्हाच तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, आणि तुम्ही अध्यक्षपण बाजूला ठेवून, चष्मा वर करून, माझा एकेक मुद्दा खोडायला हवा होता. कदाचित मी बदलले असते. कदाचित तुम्ही म्हणाला असता, बरोबर बोल्ली. तुमच्याकडे त्याचं उत्तर होतं, हे मला नक्की माहीत आहे, आणि ते काय होतं ते मी आता कुणाला विचारू?